बोर्डाचा फरक प्रवेशाआधी सांगा

मा. श्री. दादाजी भुसे,
शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य



मी भिवंडीत कामतघर भागात शिकवणी घेते. पाचवी ते दहावी, गणित आणि विज्ञान. माझ्याकडे राज्य मंडळाची मराठी, उर्दू आणि इंग्रजी माध्यमाची मुलं येतात, सेमी इंग्रजीची येतात, आणि अलीकडे सीबीएसईची वाढत चालली आहेत. माझी मागणी एकच आहे, ती आधीच लिहिते. शाळांच्या बोर्डांमधला फरक पालकांना सरकारने सांगावा, त्यांना कळणाऱ्या भाषेत सांगावा आणि मुलाचा प्रवेश होण्याआधी सांगावा. आज तो आम्ही शिकवणीवाले सांगतो, प्रवेश झाल्यावर काही वर्षांनी सांगतो आणि त्याचे पैसे घेतो. माझं घर त्याच पैशांवर चालतं, म्हणून हे मी खात्रीने सांगू शकते.

आपण मालेगाव बाह्य मतदारसंघाचे. यंत्रमागाच्या गावात मुलाच्या शाळेचा निर्णय कसा होतो, हे आपल्याला सांगायला नको. बाप बारा तासांच्या पाळीवर असतो. पालकसभेच्या वेळी तो एकतर मागावर उभा असतो, नाहीतर रात्रपाळी करून झोपलेला असतो. आई शाळेत येते, पण नोटीस ज्या लिपीत लागलेली आहे ती तिला वाचता येईलच असं नाही. २०११ च्या जनगणनेत भिवंडीची लोकसंख्या सात लाखांच्या वर होती. पद्मानगरात तेलुगू बोलणारी पद्मशाली कुटुंबं आहेत, शांतीनगर-गैबीनगरात उत्तर प्रदेश-बिहारहून आलेले कामगार आहेत, जुन्या गावात कोकणी मुसलमान आहेत, आणि भोवतालच्या काल्हेर, पूर्णा, अंजूर, माणकोली या गावांत आगरी, कोळी, कुणबी. बालभारती आठ भाषांत पाठ्यपुस्तकं छापते. त्यातल्या निम्म्याहून अधिक भाषा या एका शहराच्या रस्त्यांवर ऐकू येतात. पण कुठलं बोर्ड म्हणजे काय, त्याची परीक्षा कशी असते, मध्येच बदलायचं झालं तर काय होतं, हे सांगणारं सरकारी पान पालकाच्या हाती या आठांपैकी एकाही भाषेत पडत नाही.

ती जागा फलकांनी भरली आहे. धामणकर नाक्याहून अंजूरफाट्याकडे जाताना शाळांच्या आणि क्लासेसच्या फलकांवर एक शब्द पुन्हा पुन्हा दिसतो, ‘सीबीएसई पॅटर्न’. पालक त्याचा अर्थ ‘सीबीएसईची शाळा’ असा घेतात. कायद्याने त्याला काही अर्थ नाही. शाळेला केंद्रीय मंडळाची संलग्नता असते किंवा नसते. नसेल तर पहिलीपासून कुठलीही पुस्तकं शिकवली तरी दहावीला मूल राज्य मंडळाच्या परीक्षेलाच बसणार. त्यात वाईट काही नाही, वाईट हे आहे की ही गोष्ट आईला मूल आठवीत गेल्यावर कळते. तोवर त्या मुलाने बालभारतीचं गणिताचं पुस्तक उघडलेलंही नसतं, आणि पुढच्या दोन वर्षांत त्याला ते परीक्षेपुरतं तयार करायचं असतं. मग ती आई माझ्या दारात येते.

त्याहून वाईट प्रकारही आहे, शाळेला मान्यताच नसण्याचा. शिक्षण हक्क कायद्याच्या अठराव्या कलमानुसार मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही. एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे आणि शाळा सुरूच ठेवली तर दिवसाला दहा हजार. अनधिकृत शाळांच्या याद्या आपल्या खात्याकडून आणि महापालिकांकडून निघतात, वर्तमानपत्रांत छापूनही येतात. पण त्या येतात तेव्हा फी भरलेली असते, गणवेश शिवून झालेला असतो, आणि घराजवळच्या दुसऱ्या शाळेत जागा उरलेली नसते.

खरं तर तपासणं सोपं आहे. मान्यता असलेल्या शाळेला अकरा अंकी यूडायस क्रमांक असतो आणि महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो. सीबीएसईशी संलग्न असलेल्या महाराष्ट्रातल्या खासगी शाळेचा संलग्नता क्रमांक ११३ ने सुरू होतो आणि तो त्या मंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येतो. हे दोन क्रमांक शाळेच्या दारावर, शाळेच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहायला लावले तरी अर्धं काम होईल. त्यासाठी नवा कायदा नको, आपल्या सहीचा एक शासन निर्णय पुरे.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते, राग नसावा. ‘पॅटर्न’ या शब्दाचा गोंधळ वाढण्यात सरकारचाही हात आहे. २०२५ च्या मार्चमध्ये राज्यातल्या शाळांत टप्प्याटप्प्याने ‘सीबीएसई पॅटर्न’ आणण्याची घोषणा झाली आणि २०२५-२६ मध्ये पहिलीपासून सुरुवात झाली. राज्य मंडळ बंद होणार नाही, हा खुलासाही आपण केलात. पण घोषणा गल्लीपर्यंत पोचली, खुलासा पोचला नाही. त्या उन्हाळ्यात मला पालक विचारत होते, आता एसएससी राहणार नाही ना, मग मुलाला आत्ताच तिकडे टाकू का? काहींनी टाकलंही. ज्यांचा मुलगा मराठी शाळेत उत्तम शिकत होता अशांनीही.

आता प्रत्यक्ष फरकाकडे येते, कारण ‘सीबीएसई अवघड आणि एसएससी सोपं’ या एका वाक्यापलीकडे शहरात कुणी बोलत नाही आणि ते वाक्यही खरं नाही.

दहावीचं गणित घ्या. राज्य मंडळात बीजगणित आणि भूमिती असे दोन पेपर, प्रत्येकी ४० गुणांचे, प्रत्येकी दोन तासांचे. वर २० गुण अंतर्गत. सीबीएसईत ८० गुणांचा तीन तासांचा एकच पेपर आणि २० अंतर्गत. बेरीज दोन्हीकडे शंभरच, पण मुलाची तयारी वेगळी होते. राज्य मंडळाचं मूल एका दिवशी फक्त समरूपता, वर्तुळ, त्रिकोणमिती घेऊन बसतं. सीबीएसईच्या मुलाला तीन तासांत सगळीकडे फिरावं लागतं. दोन चलांतील रेषीय समीकरणं दोन्हीकडे आहेत, पण निश्चयक आणि क्रेमरची पद्धत राज्य मंडळाच्या पुस्तकात आहे, सीबीएसईच्या दहावीत नाही. भौमितिक रचना आपल्याकडे आहेत, तिकडे दहावीतून गेल्या. अर्थनियोजनाचं प्रकरण, म्हणजे जीएसटी, शेअर, म्युच्युअल फंड, हे बालभारतीच्या दहावीच्या बीजगणितात आहे. हे प्रकरण मला फार आवडतं. भिवंडीत कापडाचा, गोदामाचा, वाहतुकीचा धंदा घरोघरी आहे. बापाच्या बिलावरचा जीएसटी मुलगी स्वतः मांडून दाखवते तेव्हा गणिताचा उपयोग काय, हा प्रश्न त्या घरात उरत नाही. आयसीएसई या तिसऱ्या बोर्डातही जीएसटी आणि शेअर आहेत, शिवाय सारणी म्हणजे मॅट्रिक्स आहेत, जे इतर दोन्हीकडे दहावीत नाहीत. सीबीएसईत २०२० च्या परीक्षेपासून गणित ‘स्टँडर्ड’ आणि ‘बेसिक’ असं दोन पातळ्यांचं झालं. पुढे अकरावीत गणित घ्यायचं तर स्टँडर्ड हवं, हा मूळ नियम. त्याला मधल्या काळात सवलतीही मिळाल्या. दहावीच्या अर्जात कुठल्या चौकटीत खूण करायची, हे आई शेजारणीला विचारून ठरवते.

विज्ञानातही तसंच. राज्य मंडळाच्या दहावीत मूलद्रव्यांचं आवर्ती वर्गीकरण आहे, उष्णता आहे, अवकाश मोहिमा आहेत. सीबीएसईच्या दहावीतून आवर्ती वर्गीकरण काही वर्षांपूर्वीच्या काटछाटीत गेलं. आयसीएसईत भौतिक, रसायन, जीव असे तीन स्वतंत्र पेपर. भाषांचं म्हणाल तर राज्य मंडळात तीन भाषांची परीक्षा दहावीलाही असते. यातलं कुठलं अवघड आणि कुठलं सोपं, ते मुलावर आणि शिकवणाऱ्यावर ठरतं. मुलाचं नुकसान होतं ते यांच्यामध्ये अर्ध्या वाटेत उडी मारावी लागते तेव्हा.

आणि टक्के. साहेब, बोर्डाबद्दलचे सगळे गैरसमज टक्क्यांपाशी येऊन थांबतात. २०१८ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो ७७.१० वर आला आणि २०२० मध्ये ९५.३० वर गेला. तीन वर्षांत महाराष्ट्रातली मुलं आधी मंद आणि मग हुशार झाली नव्हती. २०१९ ला अभ्यासक्रम नवा होता आणि भाषांचे तोंडी परीक्षेचे गुण काढून टाकले होते. पुढच्या वर्षी ते परत दिले, आणि करोनामुळे रद्द झालेल्या भूगोलाच्या पेपरचे गुण सरासरीने दिले गेले. २०१९ च्या त्या मुलांना अकरावीच्या त्याच यादीत अंतर्गत गुण मिळालेल्या इतर बोर्डांच्या मुलांशेजारी उभं राहावं लागलं. अनेक घरांनी त्या एका निकालावरून कायमचा निष्कर्ष काढला की एसएससीत मार्क मिळत नाहीत. आता उलट ओरड आहे. २०२५ मध्ये राज्यात २११ विद्यार्थ्यांना शंभर टक्के मिळाले, तेव्हा लोक म्हणाले एसएससीत मार्क वाटतात. सर्वोत्तम पाच विषयांची बेरीज आणि त्यात चित्रकला, खेळ यांचे वाढीव गुण, असा तो हिशेब असतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

बोर्डांचे गुण एका मापात कसे आणायचे, यावर हे राज्य न्यायालयातही गेलं आहे. २००८ मध्ये अकरावीसाठी पर्सेंटाईलचं सूत्र आणलं, उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. २००९ मध्ये एसएससीच्या मुलांसाठी नव्वद टक्के जागांचा निर्णय झाला, तोही टिकला नाही. २०१० मध्ये ‘बेस्ट फाइव्ह’ उच्च न्यायालयात पडलं आणि सर्वोच्च न्यायालयात उभं राहिलं. म्हणजे हा फरक गंभीर आहे, हे सरकारला निदान सतरा-अठरा वर्षांपासून माहीत आहे. न्यायाधीशांसमोर वकिलांनी तो तपशीलवार मांडला. शांतीनगरातल्या आईसमोर तो अजून कुणी मांडलेला नाही.

सगळ्यात जास्त मला काळजी वाटते ती दोन प्रकारच्या मुलांची. पहिली शिक्षण हक्काच्या २५ टक्क्यांतून खासगी शाळेत गेलेली. मोफत शिक्षण आठवीपर्यंत. नववीला फी सुरू होते आणि ती भरणं मागावरच्या कामगाराला शक्य नसतं. शाळा सीबीएसईची असेल तर मूल नववीला राज्य मंडळाच्या शाळेत येतं. नवी पुस्तकं, नवे पेपर, बहुतेकदा नवं माध्यमही. नववीतच बाहेर पडलं तर निदान दोन वर्षं मिळतात. फी थकवत कसंबसं नववी काढलं आणि मग बदलायचं म्हटलं तर दार जवळजवळ बंद झालेलं असतं, कारण सीबीएसईची नोंदणी नववीत होते आणि दहावीत बोर्ड बदलणं फार अवघड असतं. अशी मुलं शेवटी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसतात, किंवा बसतच नाहीत. पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी, लॉटरीत नाव लागल्याच्या आनंदात, आठवीनंतर काय, एवढं एक वाक्य त्या बापाला सांगायला हवं होतं.

दुसरी मुलं माध्यम बदलणारी. भिवंडीत मला बोर्डाच्या फरकापेक्षा माध्यमाचा फरक जास्त बोचतो. उर्दू माध्यमाची मुलगी, मुसल्लस (त्रिकोण), जाविया (कोन), दायरा (वर्तुळ), सगळं पक्कं. प्रमेय खडाखडा सिद्ध करते. अकरावी विज्ञानाला पहिल्या दिवसापासून सगळं इंग्रजीत, आणि दिवाळीपर्यंत ती स्वतःला ढ समजायला लागते. मराठी आणि तेलुगू माध्यमाच्या मुलांचंही हेच. सेमी इंग्रजीने मराठी शाळांना यातून थोडं सोडवलं आहे. दहावीचा निकाल मे महिन्यात लागतो, अकरावीची यादी लागेपर्यंत मुलं घरी बसून असतात. या रिकाम्या दिवसांत क्लासवाले ‘ब्रिज कोर्स’ विकतात. खात्याला हे करता येत नाही असं नाही. २०२१ मध्ये एससीईआरटीने करोनानंतर ४५ दिवसांचा सेतू अभ्यास तयार करून सगळ्या राज्यात चालवला होता. बोर्ड आणि माध्यम बदलणाऱ्या मुलांसाठी तसाच सेतू, महापालिकेच्या शाळांच्या उन्हाळ्यात मोकळ्या असलेल्या वर्गांत, दरवर्षी का चालू नये?

आता आमच्याबद्दल, म्हणजे शिकवण्यांबद्दल. केंद्र सरकारच्या २०२५ च्या शिक्षणविषयक पाहणीत देशातली २७ टक्के मुलं खासगी शिकवणीला जातात असं आढळलं; शहरांत ३०.७ टक्के. यातले सगळेच लुटले जातात असं मी म्हणणार नाही. एका खोलीत, कमी फीमध्ये, मुलाच्या वहीत डोकावून शिकवणाऱ्या पुष्कळ बायका या शहरात आहेत, त्यांच्यामुळे कित्येक मुलं दहावी पार करतात. पण सहावीतल्या मुलाला ‘नीट फाउंडेशन’ची बॅच विकणं, सीबीएसई घेतल्याशिवाय डॉक्टर होता येत नाही असं सांगणं, हे थांबायला हवं. आणि इंजिनीअरिंग-फार्मसीसाठीच्या राज्याच्या सीईटीचा अभ्यासक्रम राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीवरच आधारलेला असतो, हे या बॅचच्या पत्रकात कधी नसतं. केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की सोळा वर्षांखालच्या मुलाला कोचिंग सेंटरने घेऊ नये, गुणांची किंवा रँकची हमी देऊ नये, मध्येच सोडल्यास उरलेल्या दिवसांची फी दहा दिवसांत परत करावी. या सूचना पन्नासहून जास्त मुलं असलेल्या केंद्रांना लागू आहेत, आणि त्यांची अंमलबजावणी राज्यावर सोपवलेली आहे. आपल्या राज्यात २०१८ मध्ये खासगी क्लासेसच्या नियमनाचा मसुदा तयार झाला होता. तो तेव्हा कायद्यापर्यंत पोचला नाही. तो पुढे न्यायचा असेल तर त्यात एक साधी अट घाला: फी घेण्याआधी क्लासने लेखी द्यावं की कुठल्या बोर्डाचं, कुठल्या माध्यमाचं, कुठलं पुस्तक शिकवणार. आज एकाच बाकावर तीन बोर्डांची मुलं बसवून सगळ्यांना एकच छापील नोट्स दिल्या जातात, आणि चाचणीत कमी पडलं की दोष मुलाचा. ही अट माझ्यासारख्या घरगुती शिकवणीलाही लावा, माझी हरकत नाही.

शाळेतल्या शिक्षकाने शिकवणी घेऊ नये, असं शिक्षण हक्क कायद्याचं अठ्ठाविसावं कलम सांगतं. ते पाळलं जावंच, पण त्याबरोबर त्या शिक्षकाला वर्गात शिकवायला वेळही मिळावा. सर्वेक्षणं, मतदार याद्या आणि माहिती भरण्याची कामं करून उरलेल्या तासिकांत निश्चयक शिकवून होत नाहीत, हे मी त्यांच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून रोज पाहते.

शेवटी ते पान, ज्याच्यासाठी हे पत्र लिहिलं. त्यावर फार काही नको. ही बोर्डं, त्यांची दहावीची रचना, भाषा किती, बदल कोणत्या इयत्तेपर्यंत सहज होतो, शिक्षण हक्काचा मोफत प्रवेश कुठे संपतो, यूडायस आणि संलग्नता क्रमांक कसे पाहायचे, अकरावीला बोर्डाने काय फरक पडतो आणि काय पडत नाही. मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू. बाकी भाषा जिथे लागतील तिथे. बालभारतीकडे या भाषांचे संपादक आहेत आणि छपाईची व्यवस्था आहे. वाटप मात्र जूनमध्ये पाठ्यपुस्तकांबरोबर करू नका, तेव्हा उशीर झालेला असतो. खासगी शाळांचे प्रवेशअर्ज हिवाळ्यातच निघतात. तीन ते सहा वर्षांच्या मुलांची यादी अंगणवाडी सेविकांकडे असते. महिला व बालविकास खात्याशी बोलून ऑक्टोबरमध्ये हे पान त्यांच्यामार्फत घराघरांत द्यावं, आणि जिथे वाचणारं कुणी नाही तिथे सेविकेने ते वाचून दाखवावं. त्यांच्यावर आधीच पुष्कळ कामं लादलेली आहेत, म्हणून या कामाचा वेगळा मोबदलाही द्यावा.

मराठी मजकुराचा कच्चा मसुदा करून द्यायला मी तयार आहे. त्याचा उर्दू आणि तेलुगू अनुवाद झाला की छापण्याआधी तो माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या आयांसमोर वाचून, त्या कुठे अडल्या ते आपल्या कार्यालयाला लिहून कळवेन.

आपली नम्र,
शिकवणी घेणारी एक शिक्षिका, भिवंडी